वाचकांचे प्रश्न : जुन्या कागदांत आपलं गाव कसं शोधावं?

प्रश्न : मॅडम, मी अंबाजोगाई तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. सातवीच्या मुलांना घेऊन गावातल्या जुन्या लष्करी छावणीची माहिती जमवतेय. गुगलवर ‘अंबाजोगाई इतिहास’ टाकलं की आद्यकवी मुकुंदराज, दासोपंत आणि योगेश्वरीचं मंदिर येतं, तेही दहा ठिकाणी शब्दाला शब्द तेच. छावणीबद्दल ओळसुद्धा मिळत नाही. इंग्रजांच्या काळातलं काही ऑनलाइन असेल का?

उत्तर : ताई, आहे. पण ते ‘अंबाजोगाई’ म्हणून शोधलंत तर हाती लागणार नाही. निजामाच्या काळात तुमच्या गावाचं सरकारदरबारचं नाव मोमिनाबाद. हैदराबाद कंटिंजंट या, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या निजामाच्या फौजेचं घोडदळ तिथं असायचं, म्हणून इंग्रजांच्या लष्करी कागदांत गावाचा उल्लेख येतो, तो मोमिनाबाद या नावानं. आपण जी अक्षरं टाकू तीच गुगल शोधत बसतं. त्या काळच्या कारकुनानं काय लिहिलं असेल, याचा विचार आधी आपल्यालाच करावा लागतो.

मराठवाड्यात ही अडचण फार जाणवते. पुण्या-साताऱ्याच्या माणसाला मुंबई इलाख्याची जुनी गॅझेटियरं, म्हणजे जिल्ह्याजिल्ह्याची सरकारी माहितीची पुस्तकं, आयती मिळतात. आपण १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होतो, त्यामुळे त्या खंडांत आपण नाही. ‘मराठवाडा’ टाकून जुनं इंग्रजी साहित्य फारसं निघत नाही. हैदराबाद स्टेट किंवा निझाम्स डोमिनियन्स असं टाका. बीडचं स्पेलिंग तेव्हा बी-एच-आय-आर असं करत. महाराष्ट्र सरकारनं १९६९ साली काढलेल्या जिल्हा गॅझेटियरवरही तेच स्पेलिंग आहे. नांदेडच्या शेवटी बऱ्याचदा डी ऐवजी आर असतो. धाराशिव जिल्ह्याचं विसाव्या शतकाच्या सुरुवातीआधीचं काही हवं असेल तर नळदुर्ग जिल्हा शोधा. लातूर १९८२ साली वेगळा झाला, त्याचं त्याआधीचं सगळं उस्मानाबादेत दडलेलं आहे. शाळेत फळ्यावर अशी नावांची यादीच करा. मुलं घरच्या म्हाताऱ्यांना विचारून तिच्यात भर घालतील.

आता छावणीकडे येऊ. इंटरनेट आर्काइव्ह या जुन्या पुस्तकांच्या ऑनलाइन संग्रहावर जा. तिथल्या शोधपट्टीत नुसती पुस्तकांची नावं धुंडाळण्याऐवजी पुस्तकांच्या आतला मजकूर शोधायचीही सोय आहे, ती निवडा. मग इंग्रजीत मोमिनाबाद टाका आणि पुढे दुहेरी अवतरणचिन्हांत हैदराबाद कंटिंजंट. अवतरणचिन्हं टाकली की दोन्ही शब्द शेजारी-शेजारी असलेली पानंच येतात. नुसतं मोमिनाबाद टाकलंत तर काश्मीर आणि इराणपर्यंत फिरून याल. ही फौज १९०३ च्या सुमारास इंग्रजांच्या हिंदी सैन्यात मिसळली, म्हणून त्याआधीची पुस्तकं प्रथम बघा.

इंपीरियल गॅझेटियरच्या प्रांतिक मालिकेतला हैदराबाद संस्थानाचा खंड १९०९ चा आहे, तो उतरवूनच घ्या. त्यात एक अडचण येईल. गावांच्या नावांत दीर्घ स्वरांवर आडव्या रेघा छापल्या आहेत. पानांचे फोटो वाचून अक्षरं ओळखताना संगणक त्या रेघांपाशी अडखळतो आणि भलतंच अक्षर धरतो. मग नाव पानावर ढळढळीत छापलेलं असूनही शोधात ‘सापडलं नाही’ येतं. अशा वेळी शोधपट्टी सोडा, शेवटची सूची उघडा आणि बीड जिल्ह्याची पानं डोळ्यांनी वाचा. तासभर जाईल, पण आसपासच्या गावांचं, पिकांचं, रस्त्यांचंही बरंच हाती लागेल. मला स्वतःला असं वाचणंच जास्त आवडतं.

दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळही बघा. आधी नावनोंदणी करावी लागते. संस्थानांचा कारभार इंग्रजांचं परराष्ट्र खातं बघायचं, म्हणून तिथं फॉरेन डिपार्टमेंटच्या फायलींत शोधा. प्रत्येक फाइल उघडून वाचता येईलच असं नाही. नुसती नोंद दिसली तरी खातं, साल आणि फाइल क्रमांक वहीत उतरवून ठेवा. पुढं कुणी दिल्लीला गेलं तर त्याचा उपयोग होतो.

मुलांना एक सवय मात्र आत्ताच लावा. जे काही मिळेल त्याखाली पुस्तकाचं नाव, साल आणि पान क्रमांक लिहायचा. तुम्हाला दहा ठिकाणी तोच मजकूर दिसला, कारण एकानं लिहिलं आणि नऊ जणांनी उतरवलं. मूळ कुठलं, हे कुणी सांगत नाही. आपल्या भागाचा इतिहास अशा उताऱ्यांवर उभा राहू नये, असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : आजोबांच्या पेटीत सारा भरल्याची उर्दू पावती निघाली. वाचून घेतली, तर ‘अमरदाद १३४१ फसली’ असं आहे. हे कुठलं साल? (सेलूचे एक वाचक)

उत्तर : जून १९३२ च्या आसपासचं. निजामी फसली वर्ष ऑक्टोबरात आझर महिन्यानं सुरू व्हायचं. आझर, दै आणि बहमन या पहिल्या तीन महिन्यांसाठी फसली सालात ५९० मिळवा, पुढच्या महिन्यांसाठी ५९१. अमरदाद हा नववा महिना. ऑनलाइन शोधतानाही इसवी सनासोबत फसली साल टाकून बघा. हैदराबादेत छापलेल्या कितीतरी उर्दू पुस्तकांवर आणि अहवालांवर तेवढंच साल असतं.

छापील उर्दूचा अर्थ मोबाइलवर थोडाफार लागतो, हाताच्या घसरत्या लिखाणापुढे मात्र तो हात टेकतो. तुम्ही वाचून घेतलीत तेच बरं केलंत. ज्यांनी वाचली त्यांच्याकडूनच ती ओळ न ओळ मराठीत उतरवून घ्या, सर्वे नंबर, रक्कम आणि शिक्क्यावरच्या मजकुरासकट. पावतीचे दोन्ही बाजूंनी दिवसाच्या उजेडात फोटो काढा. घडीवर फाटली असेल तर चिकटपट्टी लावू नका, तिच्या गोंदानं कागद पिवळा पडून अक्षरं जातात.