वेगवेगळ्या कापडांचे ड्रेस घरी धुवावेत की सगळे ड्रायक्लीनला द्यावेत?

ताई, तुमच्याकडे कॉटन, रेयॉन, जॉर्जेट, लिनन आणि आईच्या साडीतून शिवलेला एक रेशमी ड्रेस आहे. कुठला कसा धुवायचा हे तुम्ही विचारलंय. शेवटी लिहिलंय, "भारीतले सगळे ड्रायक्लीनला दिले की काळजी मिटते ना?" मी त्या शेवटच्या वाक्यामुळे लिहायला बसले.

नाही मिटत. रेशमाचं सर्वात जास्त नुकसान याच समजुतीने झालेलं मी पाहिलंय.

मिरजेत आमची लॉन्ड्री होती. अप्पा म्हणजे माझे वडील आणि नाना म्हणजे धाकटे काका, दोघं मिळून चालवायचे. आजोबांच्या वेळी कपड्यावर बिब्ब्याच्या रसाने खूण घालत. कपडा फाटेल पण खूण जायची नाही. माझ्या वेळेपर्यंत कापडी चिठ्ठ्या टाचायला सुरुवात झाली होती, आणि शाळा सुटल्यावर त्या टाचायचं काम माझ्याकडे असे. त्यामुळे कुठला कपडा काय म्हणून आत जातो आणि काय होऊन बाहेर येतो, हे लहानपणापासून बघत आले.

ड्रायक्लीन म्हणजे पाण्याऐवजी सॉल्व्हंटमध्ये, म्हणजे तेलकट मळ विरघळवणाऱ्या रसायनात धुणं. ते पर्क (परक्लोरोइथिलीन) असेल नाहीतर पेट्रोलियमचं. आपल्याकडे लोक सरळ पेट्रोल वॉश म्हणतात. तेल, तूप, लिपस्टिक, मेकअप यांच्यावर ते फार चांगलं. पण घामातलं मीठ आणि सरबतातली साखर पाण्यात विरघळते, सॉल्व्हंटमध्ये नाही. आणि अंगावर घालायच्या ड्रेसला सर्वात जास्त काय लागतं? घाम. म्हणजे काखेत घाम मुरलेला रेशमी ड्रेस वर्षानुवर्षं फक्त ड्रायक्लीन होत राहिला, तर तो घाम बराचसा तिथेच राहतो. काही वर्षांनी नेमकं काखेतच कापड विरतं आणि लोक म्हणतात, रेशीम जुनं झालं.

नाना ड्रायक्लीनचं नवीन मशीन घेऊन आले तेव्हापासून घरात हाच वाद. नानांचं म्हणणं, गिऱ्हाईक भारी कपडा घेऊन आलं की चिठ्ठीवर ड्रायक्लीन लिहायचं. दर चांगला मिळतो, रंग उतरल्याची कटकट नाही. अप्पांचं म्हणणं, आधी विचारायचं: कुठे घातला होता, काय सांडलं, कधी सांडलं. मग ठरवायचं.

त्यात चैत्रातलं हळदीकुंकू आलं. बँकेत नोकरी करणाऱ्या एक बाई आमच्याकडे नेहमी यायच्या. त्यांनी आईच्या रेशमी इरकली साडीचा लांब ड्रेस शिवून घेतला होता. अंग पिवळसर, गोमीच्या नक्षीचा काठ खाली घेराला, आणि तांबडा टोपपदर, म्हणजे इरकलीचा पदर, कापून त्याचा गळ्याजवळ योक, म्हणजे वेगळा जोडलेला तुकडा, केलेला. आई जाऊन वर्ष झालं होतं, म्हणून हळदीकुंकवाला मुद्दाम तो घातला. तिथे कुणाच्या तरी हातून पन्हं सांडलं. पिवळ्या रंगावर पन्हं वाळलं, डाग असा दिसेना. बाई आल्या तेव्हा मी काउंटरवर होते, अप्पा मागे भट्टीकडे. नानांनी ड्रेस घेतला, ड्रायक्लीन लिहिलं आणि काही न विचारता आत टाकला.

सॉल्व्हंटमधून साखर जशीच्या तशी बाहेर आली. मग कडक प्रेस झाली. न दिसणारी साखर इस्त्रीच्या उष्णतेने करपून तपकिरी होते, हे आमच्या धंद्यातल्या कुणालाही ठाऊक असतं. समोरच्या बाजूला, छातीपासून मांडीपर्यंत, चहाच्या रंगाचे ओघळ उमटले. बाई ड्रेस न्यायला आल्या, घडी उघडली आणि तिथेच बाकावर बसल्या. नाना म्हणाले, "बाई, कापडच जुनं होतं." ते वाक्य मला आजही सहन होत नाही.

अप्पांनी ड्रेस परत घेतला. पहिल्यांदा पांढरा कपडा ओला करून त्यांनी तांबड्या योकवर आतल्या बाजूने घासला. कपडा गुलाबी झाला, म्हणजे पाणी लागताच तांबडा रंग पिवळ्यात उतरणार. मग त्यांनी स्वतः बसून योकची शिवण उसवली आणि तो भाग बाजूला केला. अस्तरही उसवलं. रिठे रात्रभर भिजवून, कुस्करून, गाळून त्याचं पाणी कोमट पाण्यात मिसळलं आणि पिवळा भाग त्यात बुडवून नुसता हाताने दाबत राहिले. चोळणं नाही, पिळणं तर नाहीच. पाणी बदलायचं, पुन्हा दाबायचं. शेवटी जुन्या पंच्यात गुंडाळून पाणी टिपलं आणि सावलीत वाळवला. डाग पूर्ण गेले नाहीत, पण इतके फिके झाले की माहीत असलेल्यालाच दिसावेत. शेजारच्या शिंपीकाकांनी योक आणि अस्तर पुन्हा जोडून दिलं. बाईंनी तो ड्रेस पुढे कितीतरी वर्षं वापरला. योक उसवून हाच ड्रेस आधी पाण्यात गेला असता तर पन्ह्याचा मागमूस राहिला नसता.

आता तुमच्या रेशमी ड्रेसबद्दल. रेशीम हे प्रथिन आहे, लोकरीसारखंच. कपड्यांच्या नेहमीच्या पावडरीत सोडा असतो, तो प्रथिनाला खातो. डाग काढणाऱ्या एन्झाइमच्या पावडरी तर त्याहून वाईट, कारण त्यातली काही एन्झाइम्स प्रथिन तोडण्यासाठीच घातलेली असतात. आणि हायपोक्लोराइटवालं ब्लीच रेशमाला किंवा लोकरीला कधीही लावू नका, धागा विरघळतो. रिठा, नाहीतर लोकरीसाठी मिळणारं सौम्य लिक्विड, एवढंच. पाच-दहा मिनिटांत काम उरकायचं, भिजत ठेवून बाजारात जायचं नाही. सावलीत वाळवायचं, उन्हाने रेशीम पिवळं पडतं आणि कुजतं. इस्त्री उलट बाजूने, किंचित दमट असताना.

ड्रेस आणि साडीत एक मोठा फरक आहे आणि त्याकडे कुणी बघत नाही: अस्तर. वरचं कापड रेशमी, आत कॉटनचं कोरं अस्तर. पाण्यात अस्तर आटतं, वरचं तसंच राहतं, आणि शिवणीवर चुण्या येतात. दोष पाण्याला दिला जातो. शिवायला टाकण्याआधी अस्तर रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करून शिंप्याला दिलं की हा प्रश्नच येत नाही. आईच्या साडीचा तुमचा ड्रेस शिवताना अस्तर भिजवलं होतं का, ते आधी शिंप्याला विचारून घ्या.

रेयॉनला लोक कॉटनसारखं वागवतात, तिथे फसतात. ओलं झालेलं कॉटन उलट मजबूत होतं. रेयॉन ओलं असताना जवळजवळ निम्मी ताकद गमावतं. म्हणून धोपटणं, पिळणं, ओला ड्रेस खांद्यांवर टांगून ठेवणं बंद. पाण्याच्या वजनाने तो लांबतो आणि खांदे बेढब होतात. टॉवेलमध्ये टिपून दोरीवर मध्यावर दुमडून टाका. पहिल्या धुण्यात थोडा आटेल, हे शिवतानाच धरून चाला.

जॉर्जेट म्हटल्यावर मी आधी विचारते, कशाचं? शिवलेल्या ड्रेसला लेबल नसतं, म्हणून आतल्या शिवणीतून एक धागा ओढून जाळून बघा. केस जळल्याचा वास आला आणि राख चुरली तर रेशीम. वितळून टणक मणी झाला तर पॉलिस्टर. कागद जळल्यासारखा वास म्हणजे कॉटन किंवा रेयॉन. पॉलिस्टरचं जॉर्जेट जाळीच्या पिशवीत घालून मशीनमध्ये टाका, काही होत नाही. रेशमी जॉर्जेट आणि क्रेप यांना मात्र खूप पीळ दिलेला धागा असतो, तो पाणी लागताच आखडतो. तिथे ड्रायक्लीनच, नानांची बाजू बरोबर होती, हे मान्य करते.

कॉटन आणि लिननबद्दल काय सांगायचं, तुम्ही रोज धुताच. लिननला दमट असतानाच गरम इस्त्री. हळदीचा डाग पडला तर साबण लागल्यावर तो लाल होईल, घाबरू नका, कॉटन असेल तर धुऊन उन्हात टाका, उन्हाने हळद उडते. आणि मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो, ही समजूत सोडून द्या. मिठाने त्या पाण्यात रंग थोडा कमी सुटतो इतकंच, पुढच्या धुण्याला पुन्हा सुटतो. कच्च्या रंगाचा कपडा वेगळाच धुवायचा, दुसरा उपाय नाही.

लॉन्ड्रीतून आलेला ड्रेस प्लास्टिकच्या पिशवीत तसाच कपाटात ठेवू नका. पावसाळ्यात आत दमटपणा कोंडतो आणि बुरशी धरते. जरी असेल तर सुती पंच्यात गुंडाळा, डांबराची गोळी जरीला टेकू देऊ नका, सेंट जरीवर मारू नका. घडी अधूनमधून बदला. खळ दिलेला कपडा बरेच महिने ठेवायचा असेल तर आधी खळ काढून टाका, कसर त्यावर येते.

हे सगळं वाचून उद्याच रेशमी ड्रेस बादलीत घालू नका. साडी खूप जुनी असेल आणि घडीवर चिरायला लागली असेल तर पाणीही नको आणि मशीनही नको, फक्त मोकळ्या हवेत सावलीत टाका. खऱ्या जरीचं भरगच्च काम, मखमल, कॅनव्हास घातलेले कोट, हे ड्रायक्लीनलाच. चिकटवलेले खडे आणि टिकल्या असतील तर तिथेही आधी विचारा, सॉल्व्हंटने गोंद सुटतो. आणि चांगला ड्रायक्लीनर मशीनमध्ये टाकण्याआधी पाण्याने निघणारे डाग हाताने काढतो, असे लोक आजही आहेत. मी त्यांच्याविरुद्ध नाही. मी न विचारता चिठ्ठी लिहिणाऱ्यांविरुद्ध आहे.

माझा चुलतभाऊ आता तोच धंदा करतो आणि "रेशीम म्हणजे ड्रायक्लीनच" असं अजून प्रत्येक लग्नकार्यात मला ऐकवतो. त्याला मी एकच विचारते, पन्ह्याची साखर तुझ्या सॉल्व्हंटमध्ये विरघळते का? तुम्हीही लॉन्ड्रीवाल्याला हे विचारा. डाग कशाचा आहे आणि कुठे आहे, ते पावतीवर लिहून घ्या, डागाभोवती पांढऱ्या दोऱ्याचा सैल टाका घाला, आणि डाग निघाल्याशिवाय प्रेस करायची नाही असं बजावून सांगा.