'दृश्यकेंद्रकी'मध्ये 'दृश्य' कशाला?

प्रश्न असा आलाय : जीवाणू 'आदिकेंद्रकी' आणि आपण 'दृश्यकेंद्रकी', तर जीवाणूतला डीएनए दिसत नाही, पेशीत नुसता विस्कटून पडलेला असतो, असं समजायचं का?

मुळीच नाही. हे 'विस्कटून' ऐकून माझे कान किटलेत. ई. कोलाय या जीवाणूचा डीएनए उलगडला तर दीड मिलिमीटर भरतो आणि राहतो जेमतेम २ मायक्रोमीटर लांबीच्या पेशीत. विस्कटून मावेल कसा? सुतळीला भरपूर पीळ देऊन टोकं एकमेकांना बांधा, ती स्वतःभोवतीच वेटाळते. तसा तो पिळलेला असतो. आपल्या पेशीत हाच धागा हिस्टोन प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो, एका रिळावर डीएनएच्या बेसच्या १४७ जोड्या, पावणेदोनच्या आत वेढे. दिसण्याचं म्हणाल, तर रंग दिला की जीवाणूतला पुंजकाही सूक्ष्मदर्शकाखाली उजळतो. फरक आहे तो भोवतीच्या पडद्याचा : आपल्या पेशीत डीएनए पडद्याआड, केंद्रकात असतो; जीवाणूत तो पडदा नसतो.

आता शब्द. एदुआर शातों या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९२५ मध्ये 'प्रोकॅरिओट' (आदिकेंद्रकी) आणि 'युकॅरिओट' (दृश्यकेंद्रकी) ही जोडी वापरली. ग्रीक 'कारुऑन' म्हणजे अक्रोडासारखं फळ, त्यातला गर. अक्रोड फोडून बघा : टणक कवच, आत पातळ साल, सालीत वळ्यावळ्यांचा गर. 'यु' म्हणजे चांगला, खरा. आणि हा 'यु' अन् आपल्या 'सुगंधा'तला 'सु' एकाच मुळाचे! 'प्रो' आणि 'प्र' यांचंही तेच. सख्खा भाऊ दारात उभा असताना परिभाषाकारांनी 'दृश्य' हा परका का घरात घेतला? ते धड भाषांतर नाही, धड वर्णन नाही. 'सुकेंद्रकी' म्हणा. 'शब्द रूढ झालाय' हे उत्तर मला मान्य नाही. पाठ्यपुस्तकानं रूढ केलेला शब्द पाठ्यपुस्तकाला बदलता येतो.

खरी मेजवानी पुढे आहे. 'केंद्र' हाही मूळचा ग्रीकच! 'केंत्रॉन' म्हणजे बैलाला टोचायच्या पराणीची आर. त्यावरून कंपासाचा रोवलेला पाय, त्यावरून वर्तुळाचा मध्य. मग ज्योतिषाबरोबर तो संस्कृतात आला. म्हणजे ग्रीकांचा अक्रोड टाकून आपण ग्रीकांचीच आर पेशीत रोवली. तीही चुकीच्या जागी : पक्व वनस्पतीपेशीत मोठी रिक्तिका, म्हणजे रसानं भरलेली पिशवी, केंद्रकाला पार कडेला ढकलते, तरी नाव 'केंद्रक'च. मी तर त्याला सरळ 'गर' म्हणतो. गराला मधोमध असण्याची सक्ती नाही.