‘चेटके’ या शब्दात परीकथेतली जादू येते का?

एका ख्रिस्ती पालकांनी विचारले आहे की, बायबलमधल्या गलतीकरांस पत्राच्या 5व्या अध्यायात देहाच्या कर्मांमध्ये, म्हणजे पापी वासनेतून घडणाऱ्या कृत्यांमध्ये, ‘चेटके’ मोजली आहेत. तर मुले आवडीने वाचतात-पाहतात त्या जादूच्या कादंबऱ्या आणि चित्रपटही त्यातच धरावेत का? माझ्या मते धरू नयेत. हा घोळ मुख्यतः ‘जादू’ या शब्दाच्या ऐसपैसपणामुळे होतो.

फारसीतून आलेला हा शब्द आपण करणीला लावतो, रंगमंचावरच्या हातचलाखीला लावतो आणि एखाद्या गवयाच्या आवाजालाही लावतो. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने जादूचे प्रयोग बंद झाले, असे कोणी समजत नाही. ‘चेटूक’ मात्र इतके सैल नाही. त्यात कोणावर तरी केलेली क्रिया आणि बहुधा वाईट हेतू गृहीत असतो. मूळचा ग्रीक ‘फार्माकेइया’ हा शब्दही औषध किंवा विष या अर्थाच्या शब्दापासून झाला आहे आणि त्याचाही रोख प्रत्यक्ष प्रयोगाकडेच आहे. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 18व्या अध्यायात शकुन पाहणारा, वशीकरण करणारा, मृतांना विचारणारा अशी यादी येते, आणि हिब्रूतही त्यातली बहुतेक रूपे कर्तृवाचकच आहेत. निषेध आहे तो करणाऱ्याचा आणि कौल मागणाऱ्याचा. गोष्ट ऐकणाऱ्याचा नव्हे.

गोष्टीतल्या नवलासाठी रसचर्चेतला ‘अद्भुत’ हा शब्द आपल्याजवळ आहे आणि इथे तोच वापरणे मला योग्य वाटते. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे लेखक आणि श्रद्धावान कॅथलिक असलेल्या टोल्किन यांनी परीकथांवरच्या निबंधात जवळजवळ हाच भेद केला आहे: कलेने उभ्या केलेल्या जगात नेणारी मोहिनी वेगळी, आणि खऱ्या जगावर व इतरांच्या इच्छेवर सत्ता गाजवू पाहणारी जादू वेगळी.

इफिसमध्ये नव्या विश्वासणाऱ्यांनी पुस्तके जाळली, हे प्रेषितांच्या कृत्यांच्या 19व्या अध्यायातले उदाहरण हमखास पुढे केले जाते. पण ती जादूटोणा करणाऱ्यांनी आणलेली, स्वतःच्या धंद्याची पुस्तके होती. चित्रपट पाहून मुले प्लँचेटला बसू लागली, तर मात्र ते ‘मृतांना विचारणे’च होय आणि तिथे आईवडिलांनी ठामपणे थांबवावे. शिवाय मूर्तीला वाहिलेल्या नैवेद्याविषयी लिहिताना पौलाने करिंथकरांना दुर्बळ मनाच्या बंधूची काळजी घ्यायला सांगितले आहे. ज्या घराने करणीच्या धास्तीत वर्षे काढली आणि मग ख्रिस्ताचा आश्रय घेतला, त्या घरातल्या आजीसमोर असा चित्रपट लावू नये. तो निर्दोष असला, तरीही.