वाचकांचे प्रश्न : ऑनलाइन मार्केटिंगमध्ये पाय रोवताना

प्रश्न : वाणिज्य शाखेची पदवी झाल्यावर मी तीन महिन्यांचा डिजिटल मार्केटिंगचा कोर्स केला. त्यात एसईओ (गूगलच्या शोधनिकालांत साइट वर आणण्याचं काम), सोशल मीडिया, जाहिराती, ईमेल असं सगळंच थोडंथोडं शिकवलं. मुलाखतीत ‘तुम्हाला नक्की काय येतं?’ असं विचारलं की मी अडखळते. एकच शाखा धरावी का? कोणती?

हो, पहिली दोन वर्षं एकच धरा. तुमचं आकड्यांशी आधीपासून नातं आहे, म्हणून आमचं मत सशुल्क जाहिरातींकडे झुकतं. तिथे केलेल्या कामाचा परिणाम काही दिवसांत दिसतो, चूकही लगेच पैशांत दिसते, त्यामुळे शिकणं वेगाने होतं. ज्यांना लिहायला आवडतं आणि महिनोन्‌महिने वाट पाहण्याचा संयम आहे, त्यांनी एसईओ घ्यावं. ईमेलकडे नवखे लोक सहसा वळत नाहीत, पण ते दुर्लक्षित राहिलेलं चांगलं क्षेत्र आहे. फेब्रुवारी 2024 पासून जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला 5,000 पेक्षा जास्त मेल पाठवणाऱ्यांना मेल खरोखर आपल्याकडूनच गेल्याचं पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही नोंदी लावाव्या लागतात, प्रचाराच्या मेलमध्ये एका क्लिकवर यादीतून बाहेर पडण्याची सोय द्यावी लागते आणि स्पॅमच्या तक्रारी 0.3 टक्क्यांच्या खाली ठेवाव्या लागतात. हे नीट बसवून देणारा माणूस सहजी मिळत नाही.

शाखा कोणतीही घ्या, मोजमाप आलंच पाहिजे. खर्च केलेल्या पैशांतून काय आलं हे ज्याला सांगता येतं, त्याच्या हातात मालक पुढचं बजेट देतो. सुरुवात यूटीएमपासून करा, म्हणजे माणूस कुठून आला हे सांगणाऱ्या लिंकमधल्या खुणांपासून. प्रत्येक प्रचाराच्या लिंकला सोर्स (कुठून), मीडियम (कोणत्या मार्गाने) आणि कॅम्पेन (कोणता प्रचार) ही तीन नावं जोडायची, सगळी लहान लिपीत. एकाने कॅपिटल अक्षर वापरलं आणि दुसऱ्याने लहान, तर अहवालात एकाच स्रोताच्या दोन ओळी होतात. आपल्याच साइटच्या आतल्या लिंकना मात्र यूटीएम लावू नका. माणूस मुळात कुठून आला त्याचा माग तिथे तुटतो. आणि साइटवर येणाऱ्यांची मोजदाद करणाऱ्या गूगल अ‍ॅनालिटिक्सचं नवं खातं उघडलंत की त्याच दिवशी डेटा साठवण्याची मुदत 2 महिन्यांवरून 14 महिन्यांवर न्या. हे राहून गेलं तर वर्षभराने सविस्तर तुलना करायला बसाल तेव्हा जुना तपशील पुसलेला असेल.

प्रश्न : एका छोट्या व्यवसायासाठी मी गूगलवर सर्च जाहिराती चालवतो. क्लिक येतात, चौकशी येत नाही. मालक रोज जाहिरात बदलायला सांगतात. चूक कुठे शोधावी?

जाहिरातीच्या मजकुराला सगळ्यात शेवटी हात लावा. आधी चौकशी मोजली जाते आहे का ते बघा. स्वतः फॉर्म भरा, पाठवा, आणि नोंद झाली का ते तपासा. दोन चुका वरचेवर सापडतात. मोजणी ‘पाठवा’ या बटणाला बांधलेली असली, तर अर्धवट भरलेला, न गेलेला फॉर्मही चौकशी म्हणून मोजला जातो. ती आभाराच्या पानाला बांधली आणि फॉर्म गेल्यावर ते पान उघडतच नसलं, तर खरी चौकशीही मोजली जात नाही.

मग सर्च टर्म्सचा अहवाल उघडा. लोकांनी प्रत्यक्ष काय टाइप केलं ते तिथे दिसतं. ब्रॉड मॅच (मिळत्याजुळत्या शोधांवरही जाहिरात दाखवणारा पर्याय) ठेवला असेल तर ‘फुकट’, ‘नोकरी’, ‘घरच्या घरी कसं करावं’ अशा शोधांवर पैसे गेलेले आढळतील. ते शब्द निगेटिव्ह यादीत, म्हणजे ज्यांवर जाहिरात दाखवायची नाही त्या शब्दांच्या यादीत टाका. पहिला महिनाभर हे दर दोन-तीन दिवसांनी करावं लागतं. त्याच बैठकीत ठिकाणाची सेटिंग बघा. मूळ पर्यायात त्या भागात असलेल्यांबरोबर त्या भागात ‘रस असलेले’ लोकही धरले जातात. व्यवसाय स्थानिक असेल तर फक्त ‘तिथे असलेले’ हा पर्याय निवडा.

यानंतर पान, आणि तेही मोबाइलवर बघायचं. मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसला पाहिजे, आणि जाहिरातीत जे सांगितलं तेच पानाच्या पहिल्या ओळीत हवं. फॉर्ममध्ये सात रकाने असतील तर तीन करा.

आता रोजच्या बदलांबद्दल. समजा तुमच्या पानावर 100 क्लिकमागे 2 चौकशा येतात. तरीही निव्वळ योगायोगाने 100 क्लिकमध्ये एकही चौकशी न येण्याची शक्यता सुमारे 13 टक्के असते. म्हणजे 100 क्लिकवरून ‘जाहिरात चालत नाही’ असं ठरवता येत नाही. 300 क्लिक होऊनही शून्य असेल तर ती शक्यता अर्ध्या टक्क्याच्याही खाली जाते. तेव्हा बदला, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. मालकांना हा हिशेब कागदावर दाखवा.

दुसराही एक हिशेब त्यांच्याबरोबर बसून करा. पाच चौकशांतून एक ग्राहक होत असेल, तर एका चौकशीवर त्या ग्राहकामागच्या नफ्याच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त खर्च परवडत नाही. 50 क्लिकमागे एक चौकशी येत असेल, तर एका क्लिकला नफ्याचा अडीचशेवा हिस्सा ही कमाल मर्यादा. क्लिक त्याहून महाग असेल तर एक तर पान सुधारायला हवं, नाही तर या जाहिराती त्या व्यवसायाला परवडणाऱ्याच नाहीत. हे मालकाला स्पष्ट सांगणं तुमच्या कामाचाच भाग आहे.

प्रश्न : अनुभव नाही म्हणून काम मिळत नाही, काम नाही म्हणून अनुभव नाही. प्रमाणपत्रांचा उपयोग होतो का?

अर्जांच्या पहिल्या चाळणीत होतो, त्यापुढे फारसा नाही. गूगल अ‍ॅड्सची प्रमाणपत्रं स्किलशॉप या गूगलच्याच प्रशिक्षणाच्या साइटवर मोफत मिळतात आणि वर्षभर चालतात, तेव्हा त्यांवर पैसे घालवू नका. अहवाल वाचायच्या सरावासाठी गूगल अ‍ॅनालिटिक्सचं डेमो खातं खुलं आहे. खऱ्या कामासाठी एखादी सेवाभावी संस्था गाठा. अ‍ॅड ग्रँट्स या गूगलच्या योजनेत पात्र संस्थांना सर्च जाहिरातींसाठी महिन्याला 10,000 डॉलरपर्यंतचं मोफत बजेट मिळतं, आणि ते नीट वापरणारा माणूस अनेकांकडे नसतो. पासवर्ड मात्र कधीच मागू नका. तुमच्या ईमेलला खात्यात प्रवेश द्यायला सांगा आणि काम संपल्यावर तो काढून घ्यायला लावा.

केलेलं काम एका पानात मांडा : आधीची स्थिती, काय बदललं, कोणत्या तारखेला, आकडा कुठून कुठे गेला, काय फसलं. ‘काय फसलं’ हा भाग गाळू नका. मुलाखत घेणारा तिथेच थांबून प्रश्न विचारतो. आकडे संस्थेच्या परवानगीनेच दाखवा.

प्रश्न : एआय आल्यावर या क्षेत्रात माणसांना काम उरेल का?

नुसत्या पोस्ट आणि मजकूर लिहिण्याचं काम आटतं आहे. सर्च जाहिरातीला 30 अक्षरांच्या मर्यादेतली 15 शीर्षकं देता येतात, ती यंत्र काही सेकंदांत लिहितं. एका क्लिकला किती पैसे द्यायचे याची बोलीही आता बहुतेक यंत्रच लावतं. पण तुम्ही यश म्हणून जे मोजायला सांगाल, तेच ते आणून देतं. खोटे फॉर्म यशात धरले तर ते खोटे फॉर्म भरणारे आणखी शोधतं. म्हणून विक्री विभागाकडून दर आठवड्याला यादी घ्या, कोणत्या चौकशीतून खरोखर ग्राहक झाला ते जाहिरातींच्या खात्यात परत भरा, आणि बोली त्यावर चालू द्या.