१४ गाड्या आहेत, डिलिव्हरीसाठी ट्रान्सपोर्ट मॅनेजमेंट सॉफ्टवेअर घेऊन खरंच फरक पडतो का?

तुम्ही लिहिलंय की १४ गाड्या आहेत, रोज दीड-दोनशे डिलिव्हरी, सगळं एक्सेल आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चालतंय, आणि सॉफ्टवेअर घेतलं तर डिझेल वाचेल का, ड्रायव्हर लोक ते वापरतील का. मी बरीच वर्षं डिस्पॅच, म्हणजे कुठला माल कुठल्या गाडीने पाठवायचा ते, बघतोय, आधी कागदावर आणि मग सॉफ्टवेअरवर, त्यामुळे जरा लांबलचक लिहितो.

फरक पडतो, नक्की पडतो, पण डिझेल हा एकच हिशोब धरून घेऊ नका. सगळ्यात आधी जाणवतं ते म्हणजे फोन कमी होतात. "गाडी कुठे आहे", "माझा माल निघाला का", "अमुक चलन (मालासोबतची पावती) कुणाकडे आहे" हे दिवसभर चालतं ना, त्यात डिस्पॅचवाल्याचा अर्धा दिवस जातो. कोणता माल, कुठल्या गाडीत, कितवा स्टॉप, उतरला की नाही हे बिलिंगवाल्याला, गोडाऊनवाल्याला आणि कस्टमरला एकाच ठिकाणी दिसायला लागलं की डिस्पॅचवाला पहिल्यांदा मोकळा होतो आणि ज्या दोन गाड्या खरंच अडकल्यात त्यांच्याकडे बघू शकतो.

आता रूटचं. सगळे डेमोवाले आधी नकाशावरच्या रंगीत रेघा दाखवतात. त्यात तथ्य आहेच, कारण १० स्टॉप असतील तर ते लावायचे क्रम होतात ३६,२८,८००, आणि २० स्टॉप झाले की २४ वर १७ शून्यं इतके, म्हणजे सगळे क्रम एकेक करून तपासणं माणसाला तर सोडाच, कॉम्प्युटरलाही परवडत नाही. हा प्रश्न जुनाच आहे. डँट्झिग आणि रॅमसर या दोन संशोधकांनी १९५९ साली टर्मिनलवरून पेट्रोल पंपांवर जाणाऱ्या टँकरचं उदाहरण घेऊन तो गणितात मांडला, १९६४ मध्ये क्लार्क आणि राइट यांनी दोन स्टॉप एकाच फेरीत जोडले तर किती अंतर वाचतं ते बघत बघत फेऱ्या बांधायची पद्धत दिली, आणि आजची सॉफ्टवेअरंसुद्धा एकदम अचूक उत्तर शोधत बसत नाहीत, थोड्या वेळात पुरेसं चांगलं उत्तर शोधतात. अनुभवी डिस्पॅचवाला ५-६ स्टॉपची फेरी डोक्यात सॉफ्टवेअरइतकीच छान लावतो. खरा फायदा दिसतो तो कुठला स्टॉप कुठल्या गाडीत टाकायचा इथे, कारण सगळ्या १४ गाड्यांचं एकदम चित्र कुणाच्याच डोक्यात मावत नाही.

पण सॉफ्टवेअरला तेवढंच कळतं जेवढं तुम्ही त्याला सांगता. आणि इथेच बहुतेक ठिकाणी गाडं अडतं.

पहिली गोष्ट, स्टॉपवर लागणारा वेळ. बऱ्याच सिस्टिममध्ये तो सगळ्या कस्टमरना सरसकट एकच टाकून ठेवलेला असतो आणि कुणी तिकडे बघतही नाही. समजा एका गाडीला २२ स्टॉप आहेत आणि सेटिंगमध्ये प्रत्येकी ४ मिनिटं आहेत, तर सॉफ्टवेअर उतरवायला ८८ मिनिटं धरतं. प्रत्यक्षात पार्किंग शोधणं, गेटवर एंट्री, माल मोजून देणं, सही घेणं, सगळं धरून ९ मिनिटं लागत असतील तर झाली १९८ मिनिटं. म्हणजे प्लॅनमध्ये ११० मिनिटांची चूक, आणि ती सगळी शेवटच्या आठ-दहा स्टॉपवर जाऊन बसते, तिथले कस्टमर ओरडतात, आणि ऑफिसमध्ये म्हणतात की रूट चुकीचा लावला. रस्ता बरोबरच होता हो, थांबायचा वेळ चुकला होता! म्हणून दोन भाग करून टाका, गाडी लावण्यापासून गेटच्या आत जाईपर्यंतचा ठरलेला वेळ वेगळा आणि नगावर अवलंबून असलेला वेळ वेगळा, आणि मोठ्या कस्टमरना प्रत्येकाचा स्वतःचा आकडा द्या. जवळजवळच्या डिलिव्हरीत गाडीचा दिवस रस्त्यापेक्षा स्टॉपवर जास्त जातो, त्यामुळे हा आकडा सुधारला की जो फायदा मिळतो तो महागड्या ऑप्टिमायझरनेही (आपोआप रूट लावणाऱ्या प्रोग्रॅमनेही) मिळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

दुसरी गोष्ट, लोकेशनची पिन. पत्ता टाइप केला की सॉफ्टवेअर त्याचं अक्षांश-रेखांश काढतं, पण ती पिन बऱ्याचदा इमारतीच्या मधोमध पडते किंवा नुसत्या रस्त्यावर. अक्षांशात दशांशचिन्हानंतर तीनच आकडे असतील तर जवळपास १११ मीटरचा फरक पडू शकतो, पाच आकडे असतील तर साधारण एका मीटरपर्यंत येतो. शंभर मीटर म्हणजे काही नाही असं वाटतं, पण मोठ्या कंपनीचं मुख्य गेट पुढच्या रस्त्याला असतं आणि माल उतरवायचं गेट मागच्या गल्लीत, त्यात ती वन-वे. ड्रायव्हर पिनप्रमाणे पुढच्या गेटला येतो, जिओफेन्समध्ये, म्हणजे पिनभोवती नकाशावर आखलेल्या हद्दीत, शिरला म्हणून सिस्टिम "पोहोचला" दाखवते, कस्टमरला मेसेज जातो, आणि इकडे वॉचमन त्याला मागे वळसा घालून यायला सांगतोय. उपाय साधा आहे, माल उतरवला की ड्रायव्हर अ‍ॅपवर जिथे डिलिव्हरी पूर्ण करतो ती जागा साठवायची आणि तीन-चार वेळा तीच जागा आली की पिन तिकडे हलवायची. काही सॉफ्टवेअर हे आपोआप करतात, विकत घेताना हे नक्की विचारा.

तिसरं म्हणजे गाडीची माहिती, वजन आणि जागा दोन्ही. थर्माकोलच्या खोक्यांनी गाडी गच्च भरते पण काटा हलत नाही, खिळ्यांच्या पोत्यांचं बरोबर उलटं. नुसत्या टनावर प्लॅन केला तर लोडिंगला अर्धा माल खाली राहणार. आणि लोडिंगवाल्याला स्टॉपची यादी उलट्या क्रमाने द्या, शेवटच्या स्टॉपचा माल सगळ्यात आत.

ड्रायव्हर वापरतील का, तर हो, पण त्यांच्याशी आधी नीट बोला. त्यांना भीती असते पाळतीची आणि ती अगदी रास्त आहे. ट्रॅकिंग कधी चालू असतं, ड्युटी संपल्यावर बंद होतं का, कुणाला काय दिसतं, हे तोंडावर स्पष्ट सांगा आणि तसंच वागा. अ‍ॅप नेटवर्क नसताना चाललं पाहिजे, बेसमेंटमध्ये काढलेला फोटो आणि सही नंतर रेंज आल्यावर आपोआप वर गेली पाहिजे, नाहीतर दोन दिवसांत ते कागदावर परत जातील आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. ड्रायव्हरने रूट बदलला की लगेच लाल अलर्ट आणि फोन असं करू नका. दुपारी शाळा सुटते तेव्हा तो रस्ता तुंबतो हे त्याला माहीत असतं, सॉफ्टवेअरला नसतं. अ‍ॅपमध्ये कारणाची तीन-चार बटणं ठेवा, रस्ता बंद, कस्टमरने वेळ बदलली, गेट बंद, अशी, आणि दर आठवड्याला ती कारणं बघून सेटिंग सुधारा. असलं बारीकसारीक ज्ञान प्लॅनमध्ये घातलं की फळ मिळतं, यूपीएससारखी पार्सल पोहोचवणारी कंपनी अमेरिकेत शक्य तिथे डावीकडे वळणं टाळते, कारण तिथे गाड्या उजव्या बाजूने चालतात आणि डावीकडे वळायला समोरून येणारी वाहतूक ओलांडावी लागते, म्हणजे नुसतं उभं राहून इंधन जाळायचं.

डिझेलचं उत्तर राहिलंच. वाचतं, पण किती ते आता तुम्ही किती वाया घालवताय त्यावर आहे. इंजिन चालू ठेवून उभ्या असलेल्या गाड्या, रिकाम्या परतीच्या फेऱ्या, एकाच भागात सकाळी आणि दुपारी गेलेल्या दोन गाड्या, तिथे हात घाला. आणि खर्च किलोमीटरमागे मोजू नका! गाडी उगाच जास्त फिरली की पगार, हप्ता, विमा हा ठरलेला खर्च जास्त किलोमीटरवर वाटला जातो आणि आकडा उलट छान दिसतो. एका डिलिव्हरीमागे किती खर्च आला तो बघा. सर्व्हिसिंगच्या आणि विम्याच्या तारखांच्या आठवणी जवळपास सगळ्यांत येतात, त्यात फार तुलना करत बसू नका.

निवडताना एकच करा, तुमचा सगळ्यात वाईट दिवस घेऊन जा, अर्धवट पत्ते, वेळेची घाई, एक गाडी बंद, असला, आणि त्यांना तुमच्यासमोर प्लॅन लावायला सांगा. मग सांगा की ११ वाजता अजून एक गाडी बंद पडली. चांगलं सॉफ्टवेअर तिचे उरलेले स्टॉप जवळच्या गाड्यांत टाकतं आणि बाकीच्यांना धक्का लावत नाही, कच्चं सॉफ्टवेअर सगळ्यांचे रूट परत ढवळतं आणि रस्त्यावरचे सगळे ड्रायव्हर गोंधळतात. शिवाय बिलिंग सिस्टिमला जोडता येतं का आणि सोडून जायचं झालं तर सगळा डेटा एक्सेलमध्ये मिळतो का, हे लेखी घ्या. स्वतः बनवायचा विचार असेल तर नकाशासाठी ओपनस्ट्रीटमॅप आणि रूट लावण्यासाठी गूगलचं ओआर-टूल्स ही मोफत साधनं आहेत, पण १४ गाड्यांसाठी पूर्णवेळ डेव्हलपर सांभाळणं मला तरी परवडणारं वाटत नाही.

सुरुवात तीन गाड्यांवर करा, बाकीच्या जुन्या पद्धतीने चालू देत. आणि डेमो बघायच्या आधीच ड्रायव्हरना एक वही द्या, प्रत्येक स्टॉपला पोहोचल्याची आणि निघाल्याची वेळ, बस इतकंच, दोन आठवडे. तुमचा माल कसला आहे आणि कस्टमर वेळेच्या बाबतीत किती कडक आहेत ते कळवलंत तर कुठले फीचर लागतील आणि कुठल्यांना उगाच पैसे देऊ नयेत ते सांगू शकेन.