लेकीच्या जर्नलमधलं ते पान राहू द्या

डिचोलीहून एका बाबांचं पत्र आलंय. लेक एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे, वॉर्डात नर्सिंग आणि फिजिओच्या मुलांबरोबर टीम पोस्टिंग चालू आहे आणि दर आठवड्याला रिफ्लेक्टिव्ह जर्नल, म्हणजे वॉर्डातल्या आपल्या अनुभवावर विचार करून लिहिलेली वही, द्यावं लागतं. त्यात रात्रीचा तासभर जातो, तो नीट पीजीला, म्हणजे एमडी-एमएसच्या प्रवेश परीक्षेला, नको का द्यायला, असं ते विचारतात.

भाऊ, नीट पीजीसाठी रोज थोडे एमसीक्यू करू दे, आत्ता तेवढं पुरे.

मला काळजी वाटली ती पत्राच्या शेवटाची. तुम्ही तिला न विचारता वही वाचलीत. तिने लिहिलं होतं की केस प्रेझेंट करायची म्हणून ती हिस्ट्री घेत बसली होती, नर्सिंगची मुलगी सांगत होती पेशंटचा सलाइनचा हात सुजलाय, गार लागतोय, आणि ही म्हणाली ‘थांब गो, माझं होऊंदे’. शेवटी त्या मुलीनेच सिस्टरना बोलावलं आणि सुई काढली. हे वाचून तुम्ही म्हणालात, पान काढ, डॉक्टर होणारी मुलगी नर्सिंगवालीसमोर कमी पडली असं लिहून देतात का! राग येऊ देऊ नका, पण हीच अढी तुमच्या लेकीने वॉर्डात नेली तर उद्या तिला कोणी काही सांगायलाच येणार नाही आणि भोगेल तो पेशंट.

जर्नल म्हणजे चुकीचा कबुलीजबाब किंवा मार्कांसाठीचा निबंध, हा गैरसमज बऱ्याच घरांत आहे. 2019 पासूनच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात एटकॉम (डॉक्टरची वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद शिकवणारा भाग) आलं, त्यातही रिफ्लेक्शन लिहावं लागतं. असं लिहिण्याची ग्रॅहम गिब्ज यांची 1988 ची पद्धत बघा, काय घडलं, काय वाटलं, बरं-वाईट काय, असं का झालं, आणखी काय करता आलं असतं, पुढच्या वेळी काय करणार. ‘सगळ्यांनी छान सहकार्य केलं, खूप शिकायला मिळालं’ यातून वाचणाऱ्या सरांना काय कळणार? तुमच्या लेकीचा फक्त शेवटचा भाग लिहायचा राहिलाय, पुढच्या वेळी कोणी मध्येच काही सांगितलं तर ती काय करेल, तो तिला लिहू दे. पेशंटचं नाव, बेड नंबर मात्र कुठेच नको, आणि वही नक्की कोण कोण वाचतं हे तिने मेंटरना विचारून घ्यावं.

वही परत द्या आणि न विचारता वाचली त्याबद्दल सॉरी म्हणा. तुमच्या सांगण्यावरून तिने नवीन पान लिहिलं असेल तर कुठलं सबमिट करायचं ते तिलाच ठरवू दे.