वाइननिर्मितीत पाणी नेमके कुठे वाचते?

वाइन द्राक्षांच्या बागेला ठिबक बसवल्यानंतर पाणी वाचवण्यासारखे आणखी काय उरते, असे आपण विचारले आहे. नाशिकजवळच्या दिंडोरी भागातील एका वायनरीत मी उत्पादन विभाग सांभाळतो. माझ्या मते मोठी बचत बागेबाहेर, धुण्याधाण्यात आहे.

वाइनमध्ये पाणी मिसळत नाहीत, ते सगळे द्राक्षाचेच असते. तरीही दर लिटर वाइनमागे वायनरीत काही लिटर पाणी लागते आणि त्यातले बहुतेक टाक्या, प्रेस (द्राक्षे पिळून रस काढायचे यंत्र), पंप व फरशी धुण्यात जाते. प्रत्येक विभागाला वेगळे मीटर लावल्याशिवाय हा खर्च दिसतच नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करावी.

जानेवारी ते मार्च या हंगामात प्रेस रिकामी झाली की जाळीला चिकटलेली साले ओली असतानाच हाताने काढावीत. जेवणाच्या सुट्टीनंतर तीच साले वाळून अशी घट्ट बसतात की कितीही पाणी मारले तरी सहज निघत नाहीत. फरशीवरचा चोथा आधी फावड्याने आणि वायपरने गोळा करावा, पाइप त्यानंतर उचलावा. पाइपाच्या तोंडाला दाबून सुरू होणारा नोझल असला, म्हणजे माणूस व्हॉल्व्ह बंद करायला गेला तरी पाणी वाहत राहत नाही.

टाकीच्या भिंतीवरचे टार्टारचे (वाइनमधून खाली बसणाऱ्या क्षाराचे) खडे कॉस्टिक सोड्याने विरघळवून, मग सायट्रिक आम्लाने धुऊन, शेवटी टाकी स्वच्छ पाण्याने विसळतात. हे शेवटचे पाणी जवळजवळ निर्मळ असते. ते साठवून पुढच्या टाकीच्या पहिल्या विसळणीला वापरावे. अखेरची विसळणी मात्र नेहमी ताज्या पाण्यानेच व्हावी, तिथे काटकसर केली तर वाइन बिघडते.

सांडपाणी प्रक्रिया करून बागेला देता येते. परंतु कॉस्टिक सोड्यातील सोडियम आपल्या काळ्या जमिनीत साचले की ती घट्ट होते आणि पाणी मुरत नाही, म्हणून माती व पाणी दोन्ही तपासूनच द्यावे.

बागेत एकच सुचवतो. लाल वाइनच्या जातींना मणी धरल्यापासून त्यांत पाणी उतरेपर्यंत, म्हणजे मणी मऊ होऊन रंग धरेपर्यंत, पाण्याचा थोडा, मोजका ताण द्यावा. खाण्याच्या द्राक्षाला फुगवण लागते. इथे मणी लहान राहिला तर रसाच्या मानाने साल जास्त मिळते आणि रंग सालीतच असतो. सोव्हिन्यॉं ब्लांक या पांढऱ्या वाइनच्या जातीला मात्र असा कडक ताण देऊ नये, तिचा सुगंध कमी होतो.